डिप्रेशन उतरलं, तरी ‘डोकं चालूनच नाही राहिलं’: आधी काय हाती घ्यायचं?

बर्डी_समुपदेशन

नमस्कार मंडळी. प्रश्न नागपुरातल्या समुपदेशन केंद्राचा आहे, पण उत्तर कुठूनही आलं तरी चालेल.

गोळ्या सुरू होऊन तीन-चार महिने झालेले, पीएचक्यू-9 चा (डिप्रेशन मोजायच्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीचा) आकडा 17-18 वरून 6-7 वर उतरलेला, झोप आणि भूक जाग्यावर. तरी तक्रार कायम: “मॅडम, डोकं चालूनच नाही राहिलं.” वाचलेलं पान पुन्हा वाचावं लागतं, किराणा दुकानात उभं राहिल्यावर काय घ्यायचं ते आठवत नाही, बँकेतली साधी स्लिप भरताना तीनदा खाडाखोड होते. आणि त्याच माणसांच्या विचारांचा कल अजूनही वाकडा: कोपऱ्यात कुणी हसलं तर मलाच हसले, साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं म्हणजे नोकरी गेली.

घरी भरायला दिलेला सात रकान्यांचा विचारनोंदीचा तक्ता एकतर कोरा परत येतो, नाहीतर गच्च भरून येतो आणि माणूस आदल्या आठवड्यापेक्षा जास्त खचलेला असतो.

ही मंदगती आणि हा वाकडेपणा एकच दुखणं समजायचं की दोन? आधी कशाला हात घालायचा? आणि लोक मोबाइलवरच्या ‘ब्रेन ट्रेनिंग’च्या खेळांवर वर्षाचे पैसे भरून येतात, त्यांना काय सांगायचं? नेमकी कृती सांगा. ‘सकारात्मक राहायला शिकवा’ हे उत्तर पुरेसं मिळालेलं आहे.

---

कडुनिंब

दुखणी दोन, पण एकमेकांच्या पायात येणारी. एक यंत्राचं: लक्ष टिकणं, वेग, चार गोष्टी एका वेळी डोक्यात धरणं, कामाची आखणी. दुसरं चष्म्याचं: संदिग्ध गोष्टीचा वाईटच अर्थ लागणं, गर्दीत रागावलेला चेहराच आधी दिसणं, आठवायला बसलं की अपयशच वर येणं. पुस्तकी भाषेत पहिलं कोल्ड कॉग्निशन आणि दुसरं हॉट कॉग्निशन. मूड सुधारला की चष्मा बराच निवळतो. यंत्र मागे रेंगाळतं. नेदरलँड्समध्ये डिप्रेशनच्या रुग्णांचा तीन वर्षं पाठपुरावा केलेला एक अभ्यास 2011 साली आला. त्यात आजारपणाच्या 85 ते 94 टक्के काळात कॉग्निटिव्ह तक्रारी होत्या, आणि आजार उतरलेल्या काळातही 39 ते 44 टक्के. हे घरच्यांना पहिल्याच भेटीत सांगा, कारण तोवर घरात ‘आता बरा झाला ना, मग नाटकं कशाला’ सुरू झालेलं असतं.

तुमचा तक्ता कोरा का येतो, तेही यातच आहे. प्रसंग आठवा, भावना वेगळी काढा, तिला टक्के द्या, विचार पकडा, बाजूचा पुरावा, विरुद्ध पुरावा, मग तोललेला विचार. हे सगळं ज्या यंत्राने करायचं तेच अजून गरम झालेलं नाही. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी शारीरिक कारणं आणि गोळ्या तपासून घेणं (त्यावर डॉक्टर मंडळींनी लिहावं), मग पहिले तीन-चार आठवडे दिवसाची आखणी आणि स्मरणाला बाहेरचे आधार, आणि त्यानंतर चष्मा.

तपासणीबद्दल एक गोष्ट नेहमी निसटते. ‘डोकं चालत नाही’ ही तक्रार आणि प्रत्यक्ष चाचणीतले गुण यांचा मेळ डिप्रेशनमध्ये फारच सैल असतो. मोका ही स्मरण-लक्ष चाळून बघायची छोटी चाचणी 30 गुणांची. 26 च्या खाली शंका घ्यायची, आणि शिक्षण 12 वर्षं किंवा कमी असेल तर एक गुण वाढवून द्यायचा. पण ती गाळणी मोठ्या भोकांची आहे. तरुण, शिकलेल्या माणसाची मंदगती तिच्यातून सहज निसटते. वेग पाहायचा तर अंक-चिन्ह चाचणी (प्रत्येक अंकाखाली त्याचं ठरलेलं चिन्ह झपाट्याने भरायचं) घ्या, 90 किंवा 120 सेकंदांची. बंगळूरुच्या निम्हान्स संस्थेच्या 2004 च्या बॅटरीत (चाचण्यांच्या संचात) ती आहे, रंगीत आकडे क्रमाने जोडायची कलर ट्रेल्सही आहे, आणि भारतीय प्रमाणकं वय, शिक्षण आणि लिंग यांनुसार दिलेली आहेत. आकडे आणि रोमन अक्षरं आलटून-पालटून क्रमाने जोडायची ट्रेल मेकिंग-बी मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला देऊ नका. त्याला एबीसीचा क्रम जुळवायला लागणारा वेळ आजाराच्या खात्यावर जमा होतो. तीच चाचणी महिनाभरात पुन्हा घेतलीत तर सरावानेच गुण वाढतात आणि आपण उगाच खूश होतो.

चाचणीत गुण बरे आणि तक्रार मात्र डोंगराएवढी, असं निघालं तर ‘माझं डोकं कामातून गेलं’ हा स्वतःच तपासायचा विचार आहे. त्याला कौशल्य शिकवत बसू नका, प्रयोग द्या. “वर्तमानपत्रातली एक बातमी वाचून पाचपैकी किती मुद्दे सांगता येतील?” आधी अंदाज लिहून घ्या, मग वाचायला द्या. अंदाज एक, निकाल चार, असं पुष्कळदा निघतं.

सत्राचं माप बदला. पन्नास मिनिटं नको, तीस-पस्तीस पुरे. एका सत्रात एकच मुद्दा. दर दहा मिनिटांनी थांबून “आत्तापर्यंत काय ठरलं ते तुमच्या शब्दांत सांगा”, आणि ते त्यांच्याच शब्दांत पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर. निघताना त्यांच्याच मोबाइलवर, त्यांच्याच आवाजात एक मिनिटाचा व्हॉइस नोट. तुमच्या आवाजात नको. समुपदेशकाचा उपदेश ऐकायला कुणी तो पुन्हा लावत नाही.

तक्ता दोन रकान्यांचा करा: ‘काय घडलं’ आणि ‘मनात काय आलं’. दिवसाला एकच नोंद. दोन आठवडे जमलं की तिसरा रकाना: ‘मग मी काय केलं’. पुरावे, टक्के वगैरे खोलीत बसून, तुमच्या मदतीने.

आता गच्च भरून येणारा तक्ता. त्यात डोकावलात तर बहुतेक ओळी ‘का’ने सुरू झालेल्या दिसतील. माझ्याच वाट्याला का, मी असा का. हा विचार तपासणं नव्हे, रवंथ आहे. रवंथाला तक्ता म्हणजे हिरवा चारा. तिथे प्रश्नच बदलायचा: ‘का’ ऐवजी ‘नेमकं केव्हा, कुठे, कसं घडलं, आणि पुढची एक कृती कोणती’. नोंदीला दहा मिनिटांची मर्यादा आणि शेवट उठून करायच्या कृतीवर: फोन लावणं, भांडी विसळणं, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येणं. कृतीशिवाय वही मिटायची नाही.

चष्म्यावर सगळ्यात चांगलं काम वर्तन-प्रयोग करतो, चर्चा नाही. प्रयोगाचा कागद असा: भाकीत काय, खरं होण्याची खात्री किती टक्के, खरं झालं तर डोळ्यांना नेमकं काय दिसेल, आणि बचावासाठी नेहमी काय करता जे या वेळी सोडायचं. मग करून यायचं आणि निकाल त्याच दिवशी लिहायचा. उद्यावर टाकला तर स्मरण चष्म्याच्या बाजूने झुकतं. सामाजिक भीतीसाठी बर्डीच्या मेन रोडवर तीन दुकानांत शिरायचं, भाव विचारायचा आणि काही न घेता बाहेर पडायचं. भाकीत: ‘दुकानदार सगळ्यांसमोर अपमान करेल, 80 टक्के’. ‘अपमान’ म्हणजे काय ते आधी ठरवा. आवाज चढवून बोलणं? की नुसतं तोंड वळवणं? हे ठरलेलं नसेल तर कसाही निकाल आला तरी भाकीत खरंच ठरतं. प्रयोग फसण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

आणि एक पथ्य. कर्ज खरं असेल, नोकरी खरोखर डळमळीत असेल, घरात मारहाण होत असेल, तर त्या चिंतेला ‘थिंकिंग एरर’ म्हणू नका. तिथे समस्या सोडवण्याचं काम: पर्याय लिहा, एक निवडा, पहिली पायरी केव्हा ते ठरवा. खऱ्या अडचणीला बायसचं (विचारांच्या वाकड्या कलाचं) लेबल लावलेलं माणसाला बरोबर कळतं, आणि तो पुढच्या वेळी येत नाही.

---

साडेसातला_ओपीडी

कडुनिंब, छान लिहिलंत. गोळ्यांचं मी घेतो.

पहिला संशयित क्लोनाझेपाम, चिंता आणि झोपेसाठीची गोळी. आपल्याकडे डिप्रेशनचं एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतात. सुरुवातीच्या दोन-चार आठवड्यांसाठी दिलेली ती गोळी तीन वर्षं चालू राहते, कारण चिठ्ठी जुनी आणि दुकानदार ओळखीचा. नवी गोष्ट लक्षात न राहणं, दुपारी पेंग, प्रतिक्रिया मंद, हे सगळं तिचं देणं असू शकतं. पण एका दिवसात बंद कधीच नाही. तसं केलं तर चिंता उलटून वाढते, झोप उडते, क्वचित फिट येते. मात्रा दर दोन ते चार आठवड्यांनी 5 ते 10 टक्के उतरवायची, आणि दोन आठवड्यांत 25 टक्क्यांहून मोठी उडी नाही. 0.25 मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात म्हणून शेवटचे टप्पे जमवता येतात. एकत्र गोळीत हे करता येत नाही. आधी दोन्ही औषधं सुटी करून घ्यावी लागतात. हे काम डॉक्टरचं. समुपदेशकाने रुग्णाला एवढंच सांगावं की सगळ्या पुड्या, पत्ते आणि सिरप एका पिशवीत घालून दाखवायला आण.

त्या पिशवीत काय काय निघतं: झोपेसाठी किंवा डोकेदुखीसाठी अमिट्रिप्टिलीन, थरथर कमी करायला ट्रायहेक्सिफेनिडिल, सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, मायग्रेनसाठी टोपिरामेट. पहिली तीन स्मरणाला लागणारं अ‍ॅसिटिलकोलीनचं काम अडवतात. टोपिरामेट शब्द पळवतं. माणूस बोलता बोलता ‘ते… ते…’ करत अडतो. एकेकटं औषध निभावतं, दोन-तीन एकत्र आली की साठीच्या पुढचा माणूस गोंधळतो.

तपासण्या फार नकोत: हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडसाठी), बी-12, साखर, सोडियम. बी-12 200 पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता, 200 ते 300 मध्ये संशय. शाकाहारी माणूस मधुमेहाच्या मेटफॉर्मिनवर असेल तर हमखास बघा. सोडियम यासाठी की एसएसआरआय (एस्सिटालोप्रामच्या जातीची डिप्रेशनची औषधं) आणि बीपीची थायाझाइड गोळी एकत्र असलेल्या वयस्कांमध्ये ते उतरतं, आणि सुस्ती-गोंधळ डिप्रेशनच्या खात्यात जातात. घोरणं आणि दिवसा डुलक्या असतील तर स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडणं) बघा. रोजची दारू असेल तर बाकी सगळं नंतर.

एसएसआरआयची मात्रा जास्त असताना भावना बोथट होतात. रुग्ण त्यालाही ‘डोकं सुन्न’ म्हणतात. विचारून वेगळं काढा: “हिशोब जमत नाही, की काहीच आतून लागत नाही?” दुसरं असेल तर मात्रेबद्दल डॉक्टरांशी बोलणं व्हावं.

मंदगतीसाठीच औषध हवं असेल तर सध्या सगळ्यात बरा पुरावा व्हॉर्टिऑक्सेटिन या डिप्रेशनच्या गोळीचा. 2014 च्या मोठ्या चाचणीत 10 आणि 20 मिलिग्रॅमच्या मात्रेवर आठ आठवड्यांत अंक-चिन्ह चाचणीचे गुण प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा) वाढले, आणि सगळा फरक मूड सुधारल्यामुळे नव्हता. पण परिणाम मध्यम आहे, जादू नाही. पहिल्या एक-दोन आठवड्यांत मळमळ होते. जेवणाबरोबर घेतली तर काहींना सोसते. सध्याच्या औषधावर माणूस बरा आणि स्थिर असेल तर केवळ एवढ्यासाठी औषध बदलण्याआधी दोनदा विचार करावा.

नागपूरसाठी खास: लिथियम (बायपोलरमध्ये मूड स्थिर ठेवायची गोळी) आणि एप्रिल-मे. पारा 45 च्या पुढे गेला, घाम गेला, पाणी आणि मीठ कमी पडलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि रक्तातली पातळी चढते. बोटांची जाडी थरथर, उलट्या-जुलाब, पाय लटपटणं, जीभ जड, गोंधळ. हे ‘लू लागली’ म्हणून घरी कैरीचं पन्हं पाजत बसण्याचं प्रकरण नाही. त्या दिवशी गोळी थांबवून लगेच डॉक्टरकडे जाऊन पातळी बघायची. नेहमीच्या देखभालीत 0.6 ते 0.8 पुरते, रक्त शेवटच्या गोळीनंतर बरोबर 12 तासांनी. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक नको, तीही पातळी वाढवतात, पॅरासिटामॉल चालतं. ट्रायहेक्सिफेनिडिल आणि अमिट्रिप्टिलीन घाम कमी करतात, त्यामुळे ती घेणाऱ्याने दुपारी बारा ते चार बाहेर पडायचंच नाही.

---

बर्डी_समुपदेशन

दोघांचे आभार. पिशवीची कल्पना उद्यापासून सुरू.

दोन गोष्टी राहिल्या. खेळांचं कुणीच बोललं नाही. आणि ‘बचावाच्या सवयी’ सोडायच्या म्हणता, पण पॅनिक असलेल्या माणसाच्या हातातली पाण्याची बाटली मे महिन्यात कशी सोडवायची? मुलींच्या तोंडावरचा स्कार्फही तसाच. उन्हासाठी की लपण्यासाठी, कसं ओळखायचं?

---

कडुनिंब

जागा बदलून बघायचं. गाडीवर, उन्हात, स्कार्फ म्हणजे नागपूर. एसीच्या ऑफिसात शिरल्यावर वीस मिनिटांनीही तो उतरत नसेल तर लपणं. बाटलीचंही तसंच: तहान लागल्यावर प्यायली तर पाणी, छातीत धडधडताच घोट घेतला तर बचाव. म्हणून बाटली काढून घेऊ नका. ‘धडधड सुरू झाल्यावर पाच मिनिटं झाकण उघडायचं नाही’ असं ठरवा. खिशातली क्लोनाझेपामची गोळीही त्याच जातीची. ती न घेता फक्त बाळगली तरी ‘गोळीमुळे वाचलो’ हा विश्वास टिकतो.

पॅनिकमधला चष्मा शरीराच्या खुणांवर असतो: धडधड म्हणजे अटॅक, चक्कर म्हणजे कोसळणं. त्यासाठी खोलीतच 60 सेकंद जोरजोरात श्वास, किंवा जागच्या जागी एक मिनिट धावणं. आधी भाकीत, मग निकाल, तीन फेऱ्या. हृदयविकार, फिट, दमा, गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि मेच्या दुपारी चौथ्या मजल्यापर्यंत जिने चढायला लावू नका. तिथे चक्कर आली तर ती खरीच उन्हाची असेल आणि प्रयोगाचा निकाल उलटा लागेल.

---

रिकामी_जागा

खेळांचं मी सांगतो, कारण बायस बदलणाऱ्या संगणकी कामांबद्दल फार गैरसमज आहेत.

लक्षाच्या कलासाठी डॉट-प्रोब नावाचं काम 1986 मध्ये आलं. पडद्यावर दोन शब्द किंवा चेहरे, एक धोक्याचा, एक साधा, अर्धा सेकंद. मग एका जागी ठिपका येतो आणि बटण दाबायचं. चिंताग्रस्त माणूस धोक्याच्या जागचा ठिपका लवकर टिपतो. पुढे उलटं केलं: ठिपका नेहमी साध्या शब्दामागे, म्हणजे नजर तिकडे वळायची सवय लागेल. कल्पना देखणी, निकाल कधी हो, कधी नाही, आणि परिणाम लहान. मूळ मापच डळमळीत आहे. त्याच माणसाची आठवड्याने पुन्हा चाचणी घेतली तर आकडा जुळत नाही. तेव्हा अशा अ‍ॅपवर पैसे भरू नका. साध्या ‘ब्रेन गेम’चं तर माणूस त्या खेळात हुशार होतो, बँकेची स्लिप तशीच राहते.

अर्थ लावण्याच्या कलावर मात्र काम करण्यासारखं आहे, आणि त्याला संगणकही लागत नाही. संदिग्ध प्रसंग तीन ओळींत लिहायचा. तो चांगला की वाईट हे अगदी शेवटच्या शब्दावर ठरतं आणि त्या शब्दातली एक जागा रिकामी असते. शब्द पुरा करताना माणूस स्वतःच्या हाताने सौम्य अर्थाकडे जातो. मग लगेच हो-नाहीचा एक प्रश्न, तो अर्थ पक्का करायला. या कामी मराठी इंग्रजीपेक्षा सोयीची आहे. आपल्याकडे क्रियापद आणि नकार शेवटीच येतो, वाक्य आपोआप शेवटपर्यंत लोंबकळत राहतं. नमुना:

‘तुम्ही मैत्रिणीला मेसेज पाठवला. निळ्या खुणा दिसल्या, तासभर उत्तर नाही. नंतर कळलं की त्या वेळी ती गाडी चा_वत होती.’ प्रश्न: मैत्रीण तुमच्यावर रागावली होती का? (नाही.)

‘वर्धा रोडवरच्या ऑफिसात साहेब म्हणाले, “जरा केबिनमध्ये या.” आत गेल्यावर त्यांनी तुमच्या अहवालाचं केलं कौ_क.’

दुसऱ्यात मी मुद्दाम चूक ठेवली आहे. शब्द शेवटी आणण्यासाठी वाक्य पिळलं की ते पुस्तकी वाटतं आणि माणूस अर्थाऐवजी वाक्यरचनेकडे बघतो. ‘…त्यांना तुमचा अहवाल आव_ला होता’ असं हवं. जागा रिकामी करताना पूर्ण अक्षर काना-मात्रेसकट काढा. नुसती मात्रा काढली तर शब्द चुकीचा छापल्यासारखा दिसतो. शब्द एकाच प्रकारे पुरा होईल असा निवडा, नाहीतर हुशार खिन्न माणूस बरोबर वाईट शब्द शोधून भरतो. आणि सगळे शेवट गोड करू नका. दहात एखादा कडू राहू द्या, म्हणजे पाठांतर होत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, पंधरा मिनिटं. मुख्य उपचार म्हणून नाही, जोडीला.

आठवणींच्या बाबतीत बिघाड वेगळा: डिप्रेशनमध्ये आठवणी गठ्ठ्याने येतात. ‘आनंद’ शब्दावर आठवण विचारली तर “लहानपणी मारबत बघायला जायचो, मजा यायची” असं उत्तर मिळतं (मारबत म्हणजे नागपूरची पुतळ्यांची मिरवणूक). हा गठ्ठा झाला. नेमकी आठवण म्हणजे एकाच दिवसात घडलेली, जागा आणि वेळ असलेली: “त्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या सकाळी इतवारीत पिवळी मारबत वळणावर आली तेव्हा पाऊस सुरू झाला, काकांनी खांद्यावर घेतलं, त्यांच्या टोपीला ओला वास होता.” याचं प्रशिक्षण चार-पाच साप्ताहिक सत्रांत, गटातही होतं. आधी साधे आणि चांगले शब्द, मग कडू. प्रत्येक शब्दाला एक नाही, दोन वेगळ्या आठवणी. घरी रोज झोपण्याआधी त्याच दिवसातली एक. ‘यायची’, ‘जायचो’ असा रीतिभूतकाळ ऐकू आला की थांबवा आणि विचारा: “कोणत्या दिवशी?” मराठीत हा गठ्ठा क्रियापदावरूनच पकडता येतो.

आघाताचा इतिहास असेल तर कडू शब्दांचा टप्पा समुपदेशकाने एकट्याने हाताळू नये.

---

तर्री_जास्त

एवढं सगळं कशाला बाप्पा? विचार आला की लक्ष दुसरीकडे न्यायचं, गाणी लावायची. आणि ज्यांना सारखं ‘गॅस चालू राहिला का’ वाटतं त्यांना पुरावा तपासायला लावायचा. झालं.

---

कडुनिंब

भाऊ, दुसरं वाक्य धोक्याचं आहे. ओसीडीमध्ये (तीच शंका, तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजारात) ‘पुरावा तपास’ हाच विधी होऊन बसतो: आधी माणूस नॉब बघत होता, आता नॉब बंद असल्याचे पुरावे मोजतो. तिथे विचाराशी वाद नाही. एक्सपोजर (शंकेला सामोरं जाणं) आणि प्रतिसाद रोखणं. एकदा बंद केला, घराबाहेर, शंका घेऊनच दिवस काढायचा. “बंद होता ना गं?” याला घरच्यांनी उत्तर द्यायचं नाही, हेही आधी ठरवून.

लक्ष दुसरीकडे नेणं आणि लक्ष वळवायला शिकणं यांतही फरक आहे. मेटाकॉग्निटिव्ह थेरपीतलं (विचारांकडे बघण्याची पद्धत बदलणाऱ्या उपचारातलं) अटेन्शन ट्रेनिंग सुमारे बारा मिनिटांचं असतं. डोळे उघडे, नजर समोरच्या एका बिंदूवर. सहा तरी आवाज शोधा: कूलरची घरघर, घड्याळ, रस्त्यावरचे ऑटो, शेजारच्या घरातला टीव्ही, पंखा, दूरची रेल्वे. पहिली पाच मिनिटं एका वेळी एकच आवाज, बाकीचे असू द्यायचे. पुढची पाच झपाट्याने एकातून दुसऱ्यात, दर पाच-दहा सेकंदांनी. शेवटची दोन सगळे एकदम. मधे विचार आला तर तो सातवा आवाज, हाकलायचा नाही. रोज एकदा, चिंता चढलेली नसताना. चिंता चढल्यावर ‘उतारा’ म्हणून केलं की ते गाणं लावण्यासारखंच होतं आणि काही दिवसांत चालेनासं होतं.

---

जर_तर

ऑक्युपेशनल थेरपीच्या बाजूने. मंदगतीवर काम म्हणजे कॉग्निटिव्ह रिमेडिएशन. त्यात सराव, युक्ती आणि तिसरं, जे सगळे गाळतात, ते म्हणजे रोजच्या कामात उतरवणं. सराव आठवड्यातून दोनदा, तासभर, दहा-बारा आठवडे. पातळी अशी की दहात आठ बरोबर यावेत. दहाच्या दहा आले तर सोपं, पाच आले तर माणसाला स्वतःच्या अपयशाचा आणखी एक पुरावा मिळतो.

युक्त्या थोड्याच शिकवा, पण अंगवळणी पाडा. एकच वही, एकच जागा. तीन अ‍ॅप आणि कॅलेंडर म्हणजे विसरायला चार जागा. काम ‘जर-तर’मध्ये लिहा: ‘चहाचा कप खाली ठेवला की गोळी घेणार’ हे ‘सकाळी गोळी घ्यायची’ यापेक्षा टिकतं. कामाच्या मधे ‘थांब, मी काय करत होतो’ असं मोठ्याने विचारायचं. कुणी तोंडी काम सांगितलं तर लगेच उलट म्हणून दाखवायचं: “म्हणजे आधी झेरॉक्स, मग सही, बरोबर?” बँकेची कोरी स्लिप घरी आणून पाच दिवस रोज एक भरायची, सहाव्या दिवशी खिडकीवर, तेही सकाळी अकराच्या गर्दीत नाही.

बायपोलरसाठी बार्सिलोनाच्या गटाचं फंक्शनल रिमेडिएशन आहे, 2013 साली प्रसिद्ध झालं: दीड तासाची 21 साप्ताहिक सत्रं, लक्ष, स्मरण आणि आखणीवर, घरच्यांना सामील करून. त्यात फायदा प्रामुख्याने दैनंदिन कामकाजात दिसला, चाचणीच्या गुणांत तेवढा नाही. म्हणून प्रगती कामावर मोजा: आठवड्यात किती वेळा दुकानातून अर्धवट सामान घेऊन परत आले, किती बिलांची तारीख चुकली.

---

बर्डी_समुपदेशन

शेवटचं. ज्यांना खाजगीत फी परवडत नाही त्यांना मेडिकल, मेयो आणि मिहानच्या एम्स या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांतल्या मनोविकार विभागांत पाठवतो, प्रादेशिक मनोरुग्णालयातही. चिठ्ठीत काय लिहिलं तर तिथल्या गर्दीत उपयोगी पडेल?

---

साडेसातला_ओपीडी

अर्ध्या पानाहून जास्त कुणी वाचत नाही. वर वय, शिक्षण, काम. मग सगळ्या गोळ्या मात्रेसकट आणि केव्हापासून. पीएचक्यू-9 आणि जीएडी-7 (चिंता मोजायची प्रश्नावली) यांचे पहिले आणि आत्ताचे आकडे, तारखांसह. पीएचक्यू-9 चा नववा प्रश्न (मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा) वेगळा लिहा: शून्य नसेल तर ओळीखाली रेघ, आणि ‘सोबत कुणी आहे का’. तक्रारीचं एकच ठोस उदाहरण, जसं ‘15 वर्षं हिशोबनीस, गेले दोन महिने बेरीज तिसऱ्यांदा जमते’. बिघाड काही दिवसांत अचानक आला असेल, साठीनंतर पहिल्यांदाच आला असेल, किंवा सोबत चाल, बोलणं, हातापायातला जोर बदलला असेल तर तेच पहिलं वाक्य करा. त्या माणसाला मेंदूची तपासणी आधी लागते.

दोन भेटींच्या मधल्या दिवसांसाठी चिठ्ठीच्या पाठीवर टेली-मानसचा नंबर लिहून द्या: 14416, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. आणि पुढची तारीख रुग्णाच्याच हाताने त्याच्या त्या एका वहीत लिहून घ्या, नाहीतर चिठ्ठी पिशवीत राहते आणि पिशवी घरी.